चौदा रिंगांवरचं नाव

रकाना १. जहाजाचे सध्याचे नाव

ल्युमा क्वीन.

हे लिहायला मार्तंड कोचरेकरला विचार करावा लागला नाही. आठ महिन्यांपूर्वी हेच नाव त्याने चौदा वेळा लिहिलं होतं, काळ्या इनॅमलने, नारिंगी रिंगांवर. जहाजाच्या कठड्याला टांगलेल्या त्या रिंगा असतात ना, माणूस पाण्यात पडला की फेकायच्या, त्या. वरच्या कमानीत जहाजाचं नाव, खालच्या कमानीत बंदराचं. घाटकोपरला धवलशेठच्या गाळ्यात बसून मार्तंड गेली एकोणीस वर्षं हेच करत आला होता. त्याआधी दुकानांचे बोर्ड रंगवायचा. फ्लेक्स आले, बोर्ड गेले. हात तेवढा राहिला.

रकाना २. जहाजाचे पूर्वीचे नाव, असल्यास

. . . . . . . . .

"काका, हा रिकामा ठेवलात," समोरची मुलगी म्हणाली. गार्गी तिचं नाव. अंधेरीच्या या नाविक साहाय्य केंद्रात हरवलेल्या, अडकलेल्या, टाकून दिलेल्या खलाशांचे अर्ज ती घेते.

"आधी पुढचं भरतो."

रकाना ३. खलाशाचे नाव

प्रीतम मार्तंड कोचरेकर.

रकाना ४. वय

चोवीस.

रकाना ५. अर्जदाराशी नाते

मुलगा. ('मुलगा' लिहून पेन तिथेच दाबलं गेलं. कागदाला भोक पडलं.)

रकाना ६. शेवटचा संपर्क

अकरा दिवसांपूर्वी. आवाजी मेसेज, एक मिनिट चार सेकंद.

"बाबा, ऐक. इंजिन बंद पडून आज नववा दिवस. नुसते वाहतोय. आफ्रिकेच्या बाजूला आहोत म्हणतात, पण नक्की कुठे ते कॅप्टनपण सांगत नाय. पाणी आहे. म्हणजे आहे थोडं, माणशी दोन ग्लास. डिझेल संपत आलं म्हणून जनरेटर बंद करणारेत, मग फोन चार्ज होणार नाय. आईला पाण्याचं सांगू नको हां. तिला सांग, मासे पकडतोय. पकडतोय पण, खरंच. काल एक हा एवढा मोठा... बाबा, तू त्या एजंटला धर ना. त्याला सगळं माहितीये. चल, ठेवतो, बॅटरी..."

एजंटला धरायला मार्तंड दुसऱ्याच दिवशी गेला होता. ऑफिसला कुलूप. दारावरची पाटीसुद्धा काढून नेलेली, भिंतीत चार स्क्रूंची भोकं. मार्तंडने ती भोकं बोटाने चाचपली. पितळी पाटी असणार, दीड फूट बाय नऊ इंच. एवढंच त्याला कळलं.

रकाना ७. नोकरी कोणामार्फत मिळाली

माझ्यामार्फत.

गार्गीने ते वाचलं, आडवी रेघ मारली आणि वर 'एजंट' लिहिलं. "काका, असं नसतं लिहायचं."

पण खोटं काय होतं त्यात? त्याने गार्गीला सगळं सांगितलं. तो एजंट टेम्पोत चौदा जुन्या रिंगा घालून गाळ्यावर आला होता. धवलशेठ म्हणाला, "अरे साहेब, नव्या घ्या ना, सर्टिफिकेटसकट देतो." एजंट म्हणाला, नव्या नकोत, ह्यांच्यावरचं नाव काढा, दुसरं टाका, आजच्या आज. त्यात वावगं काहीच नव्हतं. जहाज विकलं जातं, मालक बदलतो, नाव बदलतं. मार्तंडने अशी शेकड्याने नावं काढली होती आणि शेकड्याने चढवली होती. संध्याकाळी एजंट रिंगा न्यायला आला, एका रिंगेवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मामा, हात काय आहे तुमचा! इथे आधी काही होतं असं वाटतच नाही."

त्या कौतुकाने मार्तंड फुलला, आणि फुलल्या तोंडाने बोलून गेला, "साहेब, माझ्या पोराकडे सीडीसी आहे. ट्रेनिंगपण झालंय. चौदा महिने घरात बसलाय."

सीडीसी म्हणजे खलाशाचं पुस्तक. ते हातात असलेली हजारो पोरं मुंबईत घरी बसून आहेत.

"मग पाठवा की," एजंट म्हणाला. "ह्याच जहाजावर जागा आहे. बापाने रंगवलेल्या रिंगा आणि पोरगा वर. झकास!"

धवलशेठही हसला. मार्तंडही.

रकाना ८. जहाजाचा क्रमांक

इथे गोष्ट अडली. प्रीतमच्या करारपत्रावर क्रमांक होता. जहाजाचं नाव दहादा बदललं तरी हा सात आकडी क्रमांक जन्मभर तोच राहतो. गार्गीने तो कॉम्प्युटरमध्ये टाकला, परत टाकला, मग खुर्ची मागे सरकवली.

"काका, ह्या क्रमांकाचं जहाज चार वर्षांपूर्वी तोडलंय. भंगारात."

"तोडलेल्या जहाजावर माझा मुलगा कसा चढेल?"

"नाहीच चढणार. मेलेल्या जहाजाचा क्रमांक जिवंत जहाजाला लावलाय त्यांनी. हल्ली हे फार चाललंय. बंदी असलेलं तेल न्यायचं, कुठे पकडले जाऊ नये म्हणून मेलेल्याचं नाव घ्यायचं. आणि बंदर कुठलं लिहिलंय ते बघितलंत? त्या देशाला समुद्रच नाही."

मार्तंडने ते बंदरही चौदा वेळा लिहिलं होतं. सात अक्षरं, मधलं अक्षर बरोबर कमानीच्या मध्यावर यायचं, म्हणून आवडलं होतं त्याला.

"म्हणजे आता?"

गार्गीने शांतपणे सांगितलं. तिकडच्या देशाची गस्ती बोट आहे. ती शोधायला निघेल, पण नसलेल्या जहाजाला शोधायला निघणार नाही. त्यांना खरं जहाज दाखवावं लागेल. खरं नाव कळलं की खरा क्रमांक निघतो, खरा क्रमांक निघाला की जुना मालक, विमावाला, जहाजावरच्या उपग्रहाच्या यंत्राचा नंबर, सगळं निघतं. "सगळं रकाना दोनवर आहे, काका. आधी काय नाव होतं? ते फक्त तुम्ही बघितलंय."

रकाना २. जहाजाचे पूर्वीचे नाव, असल्यास

. . . . . . . . .

बघितलं होतं. वाचलं नव्हतं.

हे गार्गीला कसं समजावायचं? मार्तंड सातवी शिकला, मराठी शाळेत. इंग्रजी अक्षरं त्याला येतात, पण ती लिहिणाऱ्याला येतात तशी. आर म्हणजे उभी काठी, पोट आणि पाय. एस म्हणजे सगळ्यात त्रासाचं, वरचं पोट खालच्यापेक्षा बारीक ठेवावं लागतं, नाहीतर अक्षर पुढे कलंडतं. शब्द वाचत बसला तर हात चुकतो. पेंटर अक्षर बघतो, मग पुढचं अक्षर, मग त्याच्या पुढचं. आणि काढताना तर तेवढंही नाही. पत्रा, म्हणजे धारदार पातं, घेऊन खरवडत जायचं.

आणि नुसतं खरवडून भागत नाही. रिंग वर्षानुवर्षं उन्हात असते. आजूबाजूचा नारिंगी उडून जातो, अक्षराखालचा मात्र गडद राहतो. रंग काढला तरी नाव तिथेच. गाळ्यात त्याला भूत म्हणतात. बाकीचे पेंटर भूत राहू देतात, वरून नवीन नाव दामटतात. मार्तंड नाही. तो ओल्या पॉलिशपेपरने घासत राहतो, एक नंबर, दोन नंबर, सगळ्यात बारीक, भूत जाईपर्यंत. चौदाच्या चौदा रिंगांचं भूत त्याने घालवलं होतं. त्या दिवशी जेवला चार वाजता.

कुणी कामचोर पेंटर असता तर?

"तुमचे शेठ फोटो काढतात ना कामाचे?" गार्गीने विचारलं. "आधीचा, नंतरचा?"

काढतो. प्रत्येक कामाचे काढतो. मार्तंडने तिथूनच फोन लावला.

"मार्तंडभाऊ, आता काय सांगू तुला," धवलशेठ म्हणाला. "त्या दिवशी मोबाइल काढला तर तो एजंट बोलला, फोटो नको शेठ. मी पण म्हटलं, जाऊ दे, एवढ्याशा कामाला कशाला. तू आठव ना. तुझ्या समोरच तर होत्या दिवसभर." मग स्वतःच पुढे म्हणाला, "मी पण आठवतो. पण मी कुठे बघतो रे, तुझ्यावर सोपवून मी मोकळा."

रकाना २

गार्गीने हार मानली नाही. दुसऱ्या दिवशी तिने त्याला परत बोलावलं, चहा मागवला. प्रीतमने पूर्वी पाठवलेल्या एका फोटोवरून तिने जहाजाची लांबी, क्रेनची संख्या, चिमणीचा आकार काढला होता. तशी जहाजं, गेल्या वर्षभरात नकाशावरून गायब झालेली, सव्वीस निघाली.

"नाव आठवू नका," ती म्हणाली. "काय आठवतं ते सांगा."

हे मात्र बरोबर विचारलं तिने.

"नऊ अक्षरं," मार्तंड ताबडतोब म्हणाला. "पाच, जागा, मग चार. नवीन नाव चार आणि पाच. बेरीज तीच. म्हणून कमानीची मापं परत घ्यावी लागली नाहीत. जुन्याच खुणांवर बसवलं."

सव्वीसातली सात राहिली.

"आणि पहिलं गोल. ओ असेल, सी असेल, जी असेल. पत्रा गोल फिरवावा लागला होता, मनगट दुखलं."

तीन राहिली. गार्गीने कागद फिरवून त्याच्या समोर ठेवला. सीडर मून. ग्रेटा हिल. ऑलिव्ह गेट. तिने ती मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिली होती. मार्तंडने त्यांच्याकडे बघितलं. तिन्ही पाच आणि चार. तिन्हींचं तोंड गोल. तिघीही अनोळखी.

"घाई नाही," गार्गी म्हणाली. पण घाई होती. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर तिनेच आकडे मांडले होते. माणसं एकोणीस, माणशी दोन ग्लास, मेसेजला दिवस बारा.

मार्तंडने डोळे मिटले. गाळा. पंख्याची कटकट. मांडीवर रिंग. डाव्या हाताने धरलेली, उजव्या हातात पत्रा. सरकत सरकत शेवटाकडे. शेवटच्या अक्षरावर तिरपी रेघ होती, दोन उभ्या काठ्यांच्या मध्ये वरून खाली उतरलेली. त्या रेघेवर पत्रा तुटला होता. तुटला तसा अंगठ्याला लागला. रक्त पुसलं, नवीन पत्रा घेतला, ते अक्षर पुरं केलं आणि रिंग बाजूला ठेवली. अंगठ्यावर अजून पांढरी रेघ होती. त्याने ती बघितली.

"शेवटचं अक्षर एन," तो म्हणाला. "दोन काठ्या, मध्ये तिरपी. शंभर टक्के."

गार्गीने कागदावर बोट ठेवलं. एनने संपणारं एकच होतं.

"काका, नक्की? मग मी हेच नाव पुढे पाठवणार. सही तुमची."

"नक्की."

रकाना २. जहाजाचे पूर्वीचे नाव, असल्यास

सीडर मून.

त्याने ते स्वतः लिहिलं, एकेक अक्षर सुटं, दोन शब्दांच्या मध्ये एका अक्षराएवढी जागा सोडून. खाली छापलेलं होतं, वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरी आहे. त्याखाली सही. अंधेरीहून मुलुंडला परत येताना त्याच्या पोटात कितीतरी दिवसांनी भूक उसळली. बायकोने, वनमालेने, भाकरी वाढली, तर तिसरी मागून घेतली त्याने. ती बघत राहिली.

"नाव दिलं मी," तो म्हणाला. "बोट निघेल आता."

"आणि तो काय खातो हो तिथे?"

"मासे पकडतो."

"पकडूदे," वनमाला म्हणाली. "माजो झील आसा तो." आणि, गावच्या बोलीत मुलाला झील म्हणत, डोळ्यांना पदर लावून हसली.

इथे फॉर्म संपतो. पुढचं लिहायला त्याच्यात रकाने नाहीत.

पाचव्या दिवशी सकाळी साडेदहाला मार्तंड गाळ्यात होता. हाताला थिनर, म्हणून फोन धवलशेठने त्याच्या कानाशी धरला. गार्गी होती.

"काका, सीडर मून सापडलं."

धवलशेठला ऐकू गेलं. त्याने मोठ्यांदा "अरे वा!" केलं आणि मार्तंडच्या पाठीत थाप मारली.

"काका, ऐका आधी. ते वाहत नव्हतं. ते एका बंदराबाहेर नांगर टाकून उभं आहे. दुसरं नाव लावलंय, पण जहाज तेच, खात्री झालीय. वरची एकवीस माणसं सुखरूप आहेत. मी यादी बघितली. प्रीतम त्यात नाही. ल्युमा क्वीनवर एकोणीस होते ना? त्यातलं कुणीच नाही. ते जहाजच वेगळं आहे, काका."

समोर लाकडी घोडीवर अर्धी खरवडलेली रिंग होती, दुसऱ्याच कुठल्यातरी जहाजाची. वरची कमान साफ झाली होती. खालची बाकी होती.

वरची कमान साफ. खालची बाकी.

एकोणीस वर्षांत त्याने कधी उलटं केलं नव्हतं. आधी जहाजाचं नाव, मग रिंग फिरवायची, मग बंदराचं. पत्रा तुटला, रक्त आलं, अक्षर पुरं केलं आणि रिंग बाजूला ठेवली. बाजूला कधी ठेवतो आपण? दोन्ही झाल्यावर. ती तिरपी रेघ बंदराची होती. जहाजाच्या नावाचं शेवटचं अक्षर कुठलं होतं ते त्याला आठवत नव्हतं, आणि त्या दिवशीही आठवलं नव्हतं.

"गार्गीताई," तो म्हणाला. आजवर तिला ताई म्हटलं नव्हतं. "ते एन बंदराचं होतं. चूक माझी. दुसरं घ्या. त्या दोनातलं."

"कुठलं?"

धवलशेठने फोन दुसऱ्या हातात घेतला.

"दोन्ही पाठवा."

"दोन पाठवता येत नाहीत, काका. एक पाठवायचं तरी वरून विचारतात, ह्याच साक्षीदाराने गेल्या आठवड्यात शपथेवर दुसरं सांगितलं होतं, आता ह्याच्यावर का विसंबायचं? बोट परत गेलीय. त्यांच्या लेखी जहाज सापडलं, माणसं सुखरूप, अर्ज निकाली निघाला. मी नवीन उघडायला सांगते. भांडते मी. पण मला एक नाव द्या. नक्की. ग्रेटा हिल का ऑलिव्ह गेट?"

एल का ई. एल म्हणजे काठी आणि तळाला एक आडवी. ई म्हणजे काठी आणि तीन आडव्या. लहान पोरालाही फरक कळेल. मार्तंडने डोळे मिटले, गाळा आला, पंखा आला, मांडीवर रिंग आली. रिंग स्वच्छ होती. भूतसुद्धा नव्हतं.

"काका?"

"विचार करून सांगतो."

"आज सांगा," गार्गी म्हणाली. फळ्यावरच्या बारा दिवसांचे आता सतरा झाले होते.

धवलशेठने त्याला रिक्षात बसवून दिलं. "मी येऊ का सोबत?" असं तीनदा विचारलं. भांडुपपर्यंत मार्तंड हाताचा थिनर पॅन्टला पुसत होता. वनमालेला काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होता. आधी, जहाज सापडलं पण. नाही. आधी, चूक झाली. नाही. आधी तिला बसवायचं.

जिन्यातच आवाज आला. दार सताड उघडं. शेजारची मालन पेढ्यांचा बॉक्स घेऊन उंबऱ्यात उभी. फॉर्मवर फोन नंबर वनमालेचा दिलेला होता, कारण मार्तंडचे हात दिवसभर रंगात असतात, आणि तिच्या फोनवर सकाळीच मेसेज येऊन पडला होता. जहाजाचा शोध लागला. सर्व कर्मचारी सुखरूप. अर्ज निकाली.

"भाऊजी, तोंड उघडा," मालनने त्याच्या तोंडात पेढा कोंबला.

आत वनमाला जमिनीवर फतकल मारून बसली होती. फोन समोर पाटावर, स्पीकर चालू. पलीकडे गाव होतं. तिचा भाऊ बाळा देवळात उभा होता आणि त्याच्या मागे अख्खी वाडी. देवाला गाऱ्हाणं घालायचं होतं. गाऱ्हाण्यात सगळं नावानिशी सांगावं लागतं. कोण, कुणाचा, कुठल्या घरचा, कशात अडकला. नुसतं 'आमचा मुलगा' म्हणून चालत नाही, देवाला पत्ता लागतो.

"इले रे, हे इले!" वनमाला फोनवर ओरडली, मग त्याच्याकडे वळली. कितीतरी दिवसांत तिचा चेहरा असा दिसला नव्हता. "अहो, लवकर सांगा. बाळा खोळंबलाय. त्या जहाजाचं जुनं नाव काय ते? खरं? खोट्या नावाने नको घालायला गाऱ्हाणं."

मार्तंडच्या तोंडात पेढा होता. तो गिळेना.

"भावजी, नाव सांगा हो," फोनमधून बाळा म्हणाला. "हंय माणसां उभी आसत."

दोन नावं जिभेवर होती. कुठलंही घेतलं तरी दुसऱ्यावर प्रीतम असू शकत होता. आणि एक घेतलं की आधी सगळं सांगावं लागणार होतं, मालनसमोर, वाडीसमोर, हिच्या या चेहऱ्यासमोर.

"सीडर मून," मार्तंड म्हणाला.

"शिडर मून," बाळाने घोकलं. घसा साफ केला आणि आवाज लावला. "बा देवा म्हाराजा! कोचरेकरांचो प्रीतम, तुझा लेकरू, दर्यात अडकला होता, ता तुया दाखवलंस, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली.

"त्या शिडर मून जहाजार जितकी माणसां आसत, तितक्यांची राखण कर. तेंका पाणी दी, वारो दी, सुखरूप आपापल्या घराक पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

वनमालेने हात जोडून मान लववली आणि तेच म्हटलं. उंबऱ्यातून मालननेही म्हटलं. मग वनमालेने एक डोळा उघडून नवऱ्याकडे बघितलं, कारण त्याचा आवाज आला नव्हता.

त्याने पेढा गिळला.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला.